गाविलगड : तलावाकाठचे अजायबघर

वऱ्हाडात शरद ऋतू दोन चेहरे घेऊन येतो. खाली अमरावती, अकोला, परतवाड्यात ऑक्टोबरचे ऊन डोळ्यांत खुपते. सोयाबीन निघून गेलेले असते, कापसाच्या पहिल्या वेचणीची घाई चालू असते आणि दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी वर चिखलदऱ्याच्या पठारावर माणसे उन्हात बसायला जागा शोधत असतात. हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटर उंच आहे, अमरावती साडेतीनशेच्या आत. हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, असा निसर्गाचा हिशेब आहे. म्हणजे घाट चढून गेले की निव्वळ उंचीमुळेच पाच अंश कमी होतात. उरलेले काम जंगल करते.

शरद म्हटले की परदेशी कॅलेंडरांवरची लालभडक पाने डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे तसे नसते. मेळघाटातला साग पाने टाकतो तो हिवाळा सरताना. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो अजून हिरवा असतो, फक्त शेंड्यावर वाळल्या फुलोऱ्याचे तांबूस झुबके दिसतात. आपल्या शरदाची खूण पानांत नाही, पाण्यात आहे. चार महिने गढूळ वाहिलेले ओढे निवळतात. तलावाचा तळ दिसू लागतो. हवेतली धूळ पावसाने धुऊन नेलेली असते आणि नवी अजून उडालेली नसते, म्हणून देवी पॉइंटवरून किंवा मोझरी पॉइंटवरून दऱ्या थेट तळापर्यंत स्वच्छ दिसतात.

तरीही आपली बहुतेक घरे चिखलदऱ्याला जातात ती जुलै-ऑगस्टमध्येच. धबधबे, धुके, भाजलेले कणीस, घाटात गाड्यांची रांग, आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी परत. धुक्यात फोटो छान येतात हे खरे, पण दहा फुटांपलीकडचे काही दिसत नाही. आमचे मत विचाराल तर चिखलदरा पाहायचा तो ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. आणि पाहायचा तो पॉइंट मोजत नव्हे. एक पूर्ण दिवस गाविलगडासाठी राखून ठेवावा.

मोठ्या शहरांत कुटुंबे सुट्टीच्या दिवशी वस्तुसंग्रहालयात जातात. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे आहे. नागपूरची माणसे त्याला आजही अजब बंगला म्हणतात आणि आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजायबघर हाच शब्द असतो. तिथे मूर्ती, नाणी, शिलालेख काचेआड असतात, खाली पाटी असते, पंखा फिरत असतो. वऱ्हाडच्या वाट्याला असे भव्य कलादालन आले नाही. चिखलदऱ्यात वनखात्याचे वन्यजीवांविषयीचे संग्रहालय आहे, मुलांना जरूर दाखवावे, जंगलात न दिसलेले प्राणी तिथे भेटतात. पण कोरीव दगड, सुलेखन, कमानी आणि त्यांना लागून पाण्याचा काठ, हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर त्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर ते आहे. त्याला छप्पर नाही. पाट्याही फारशा नाहीत. जे वाचायचे ते दगडावरच वाचावे लागते.

गडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात. त्यांची मातीची गढी इथे पूर्वी होती आणि त्यांची वस्ती आजही जवळच्या मोथा गावात आहे. दगडी किल्ला उभा राहिला तो १४२५च्या सुमारास, बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या हुकमाने. हा तोच सुलतान, ज्याने बीदरला राजधानी नेली आणि ज्याच्या अष्टूर येथील मकबऱ्यावर आजही मुसलमान आणि लिंगायत दोघेही मोठ्या संख्येने उरुसाला येतात. त्यानंतर साठेक वर्षांनी वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमादुल्मुल्क याने गडाची मोठी दुरुस्ती केली. १४९०मध्ये तोच स्वतंत्र झाला आणि अचलपूरला, म्हणजे जुन्या एलिचपूरला, इमादशाही सुरू झाली. ती १५७४पर्यंत टिकली, मग अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. पुढे मोगल, निजाम, नागपूरकर भोसले. शाळेच्या पुस्तकात या सगळ्याला जागा मिळते ती जेमतेम दोन ओळींची, त्यातही इमादशाहीचे नाव पाच शाह्यांच्या यादीत शेवटी कुठेतरी. वऱ्हाडातल्या मुलांना आदिलशाहीचा गोलघुमट माहीत असतो. आपल्या घरापासून तासा-दोन तासांवर एका शाहीचा दरवाजा उभा आहे, हे माहीत नसते.

त्या दरवाजापाशी मुद्दाम थांबावे. दिल्ली दरवाजा म्हणतात त्याला. कोणी शार्दूल दरवाजाही म्हणतात, कारण त्यावर सिंह कोरले आहेत आणि त्यांच्या पंजांत इवलेसे हत्ती आहेत. जवळच एक दोन तोंडांचा पक्षी आहे. तो गंडभेरुंड. हत्तींना सहज उचलून नेणारा, कल्पनेतला पक्षी. मुलांना तो पहिल्या नजरेत सापडत नाही. सापडला की मात्र मग हलत नाहीत.

आमच्याबरोबर आलेल्या खालाजानने विचारले ते रास्तच होते: मुसलमान राज्यकर्त्याच्या दरवाजावर प्राण्यांची चित्रे कशी? उत्तर असे की ही राज्याची मोहर आहे, इबादतखान्याची सजावट नव्हे. गडावरच्या मशिदीत कमानी आणि जाळी आहे, प्राणी नाही. दरवाजा मात्र येणाऱ्याला सांगत होता की इथे कोण सत्तेवर आहे. आणि ते सांगताना फतहुल्लाहने निवडलेली खूण पाहा. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की फतहुल्लाह जन्माने विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान जहानच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला आणि कर्तबगारीने त्याच सुभ्याचा मालक झाला. गंडभेरुंड हा विजयनगरच्या दुनियेतला पक्षी. पुढच्या काळातल्या तिथल्या नाण्यांवरही तो हत्तींना धरून बसलेला दिसतो. हत्तीवर चढलेला सिंह गोंड राजांच्या किल्ल्यांवर आढळतो. या दोन्ही खुणा सातपुड्यातल्या एका मुसलमान सुभेदाराने आपल्या दरवाजावर शेजारी शेजारी बसवल्या. त्याच्या मनात काय होते ते आपल्याला कळायचा मार्ग नाही. पण ज्या मातीतून आलो आणि ज्या मातीवर उभे आहोत, त्यातली एकही खूण त्याने पुसली नाही, एवढे तर डोळ्यांना दिसते.

गडाचा दुसरा मोलाचा भाग म्हणजे त्याची अक्षरे. पीरफत्ते दरवाजाचा फारसी लेख फतहुल्लाहच्या दुरुस्तीचा, हिजरी ८९३चा. बहराम बुरुजाचा लेख हिजरी ९८५चा, म्हणजे इमादशाही गेल्यानंतर किल्लेदार बहरामखानाने बांधकाम केले तेव्हाचा. असे लेख पाहायला शरदासारखा ऋतू नाही. दख्खनच्या फारसी लेखांत अक्षरे बहुधा उठावाची असतात: दगड भोवतीने खोदून काढायचा आणि अक्षर वर ठेवायचे. डोक्यावरच्या उन्हात ती सपाट दिसतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन दिवसभर तिरपे पडते, आणि प्रत्येक अलिफ, प्रत्येक लामची बारीक सावली पडते. पावसाळ्यातले शेवाळ वाळलेले असते. नुसत्या डोळ्यांनी ओळ न् ओळ धरता येते.

धरता येते, पण वाचता येते का? आमच्या घरातली गोष्ट सांगतो, कारण ती बहुधा तुमच्याही घरातली असेल. आमच्या नानांना फारसी येत होती. ते मौलवी नव्हते, कचेरीतले कारकून होते, पण त्यांच्या पिढीत शिकलेल्या माणसाला गुलिस्तां-बोस्तांतून जावेच लागे. अम्मींनी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिक्षण घेतले, त्यांना नस्तालीक झरझर वाचता येते. आम्ही भावंडे मराठी शाळेत गेलो. उर्दू बोलतो, अडखळत वाचतो, लिहितो मात्र देवनागरीत. आमची मुले इंग्रजी शाळेत आहेत. पण त्यांनी मकतबमध्ये कुरआन शरीफ नाजरा पूर्ण केला आहे, म्हणजे अरबी अक्षर त्यांना ओळखता येते. दगडासमोर चार पिढ्यांचे हे गणित उघडे पडले. धाकटीने बोटाने हवेत गिरवत अक्षरे जुळवली, एक-दोन नावे ओळखलीही. अम्मींनी काही शब्द लावले आणि मग त्या म्हणाल्या, "अब्बा असते तर त्यांनी चालता चालता वाचले असते." आम्ही तिघे-चौघे मधल्या पिढीचे नुसते उभे होतो.

यात रडगाणे गाण्यासारखे काही नाही. भाषा बदलतात, आणि मराठी ही आमची भाषा आहे, तिच्यातच हे लिहितो आहोत. पण एक गोष्ट समजून घ्यावी. अक्षरे दोन वाटांनी मरतात. एक म्हणजे दगड झिजतो. दुसरी वाट अशी की दगड शाबूत राहतो आणि वाचणारे संपतात. पहिलीवर पुरातत्त्व खात्याने इलाज करायचा. दुसरीवर कोणते खाते इलाज करणार? मकतबमध्ये अरबी अक्षर शिकलेल्या मुलाला फारसी लेखातली सगळी नाही तरी नावे, सन, अल्लाहचे नाव, "बिस्मिल्लाह" ओळखता येतेच. त्याच्या हाती अर्धी किल्ली आधीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वूल्झली हेग नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वऱ्हाडातले असे लेख हिंडून वाचले, त्यांची वाचने छापली. ती छापील वाचने आहेत म्हणून आज लेखांचे सन नक्की सांगता येतात. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने फारसी शिकून जे केले, ते इथे जन्मलेल्यांना अवघड जाऊ नये.

सनाचे गणित मुलांना तिथेच शिकवावे, फार मजा येते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते. म्हणून दर शंभर हिजरी वर्षांमागे तीन वजा करायची आणि मग ६२२ मिळवायचे. ८९३मधून २७ गेले, ८६६ उरले, त्यात ६२२ मिळवले की १४८८. बहराम बुरुजाचे ९८५ घ्या: ३० गेले, ९५५ उरले, ६२२ मिळवले की १५७७. दोन्ही उत्तरे बरोबर येतात. आमच्या मोठ्याने मग स्वतःचे जन्मसाल उलटे फिरवून हिजरीत काढले आणि परतीच्या वाटेवर गाडीतल्या प्रत्येकाचे.

दरवाजे आणि बुरूज मागे टाकून आत गेले की चढ-उताराचे मोठे माळ लागतात आणि मग तलाव. गडावर असे अनेक तलाव आहेत. डोंगरी किल्ल्याचा जीव पाण्यात असतो. इथला दगड काळा, कठीण. अशा गडांवर बहुधा जिथून तटासाठी दगड काढला तोच खड्डा पुढे तलाव झाला, आणि पावसाचे पाणी उताराने त्यात उतरवले. एका कामात दोन कामे. मोगल अमलात आल्यावर अबुल फजलने आईन-इ-अकबरीत गाविलची नोंद केली आहे. किल्ला मजबुतीत जवळपास बेजोड असल्याचे तो सांगतो आणि पुढे एक छान गोष्ट नोंदवतो: इथे एक झरा आहे, त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. हत्याराला पाणी देणे, म्हणजे तापवून लाल केलेले पाते बुडवून कडक करणे, हा शब्द आपल्या लोहारांच्या तोंडी अजून आहे. तो झरा नेमका कोणता ते आज दाखवता येत नाही, पण कुठल्याही तलावाच्या काठी बसून ओंजळ भरली की अबुल फजलची ओळ आठवते.

शरदातले हे काठ वर्णन करून सांगण्यासारखे नाहीत, बसून पाहण्यासारखे आहेत. पाणी काठोकाठ असते आणि तरीही हलत नाही. कडेला तेरड्याची गुलाबी फुले शेवटच्या दिवसांत असतात, सोनकी पिवळी फुललेली असते. गवत वरून सोनेरी आणि बुडाशी अजून हिरवे. दगडी पायऱ्यांवर ऊन असते आणि पाय पाण्यात सोडले की गार. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांना बुरुजांवर नेणे शक्य नव्हते. त्यांना आम्ही एका तलावाकाठी चादर अंथरून बसवले, सोबत खालाजान. दोन तासांनी परत आलो तर दोघींना उठायचे नव्हते. समोरच्या काठावर एक पाणपक्षी तितकाच वेळ एका पायावर उभा होता, असे त्यांचे म्हणणे. डब्यातले शामी कबाब आणि पराठे तिथेच संपले. कागद, पिशव्या, हाडे सगळे परत पिशवीत भरून खाली आणले. हे वेगळे लिहायला नको होते, पण काठावर आधीच्या मंडळींनी टाकलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या पाहून लिहावे लागते आहे.

मोठी मशीद गडाच्या दक्षिण भागात उंचावर आहे. दर्शनी भागाला सात कमानी, वर घुमटांच्या रांगा, त्यातला काही भाग ढासळलेला. कोपऱ्यावरच्या छत्रीची दगडी जाळी मात्र पाहावी. एका अखंड शिळेतून भूमितीच्या आकृत्या अशा कापल्या आहेत की पलीकडचे आकाश तुकड्या-तुकड्यांनी दिसते, आणि ऊन सरकते तशी जाळीची सावली सरकते. आत शिरले की आपोआप आवाज खाली येतो. मुलांना सांगावे लागले नाही. पडलेल्या भागातून उजेड आत येतो आणि दगडी फरशीतून गवत वर आले आहे. इथे किती पिढ्यांनी सफेत उभ्या राहून नमाज अदा केली असेल, कोण इमाम असेल, रमजानमध्ये इफ्तारला या तलावांचेच पाणी असेल का, असे प्रश्न मनात येतात आणि त्यांना उत्तर नसते. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे आम्ही जोहरची नमाज गडावरून उतरून गावातच अदा केली. निघताना वेळेचा हिशेब तसा ठेवावा.

या शांततेवर विश्वास ठेवू नये इतका हा गड रक्ताचाही आहे. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली, हे गाव आजच्या अकोला जिल्ह्यात. तिथे हरलेली भोसल्यांची फौज गाविलगडात आली. आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजांनी वेढा घातला आणि १५ डिसेंबरला उत्तरेकडचा तट तोफांनी पाडून आत शिरल्या. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. गडाच्या बचावात राजपूत होते, मराठे होते, मुसलमान होते. तोफगोळ्याने ते वेगळे ओळखले नाहीत. वीस वर्षांनी, १८२३मध्ये, कॅप्टन रॉबिन्सन नावाचा अधिकारी शेजारच्या पठारावर आला आणि त्याला हवा आवडली, तेव्हा चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण झाले. कॉफीची झाडे आली ती या इंग्रजी काळात. आजही ती इथे आहेत, आणि शरदात त्यांच्या फांद्यांवर हिरव्या फळांचे घोस लागलेले असतात.

गड कोणाचा, हा वाद अलीकडे कुठल्याही किल्ल्यावर ऐकू येतो. इथेही आम्ही तो ऐकला. दोन तरुणांचे गट, दोन्हीकडे मोबाइल, दोन्हीकडे अर्धी माहिती. कीचकाची दरी म्हणून हे कीचकदरा, भीमाने त्याला मारून हात धुतले ते भीमकुंड, ही कथा इथल्या हवेतच आहे. गवळ्यांचे नाव गडाला आहे. भोवतीच्या जंगलात कोरकूंची गावे गडाआधीपासूनची. बांधणारा बहमनी, सजवणारा जन्माने ब्राह्मण, शेवटचा किल्लेदार राजपूत. यातले एकही नाव काढून टाकले तर गोष्ट लंगडी होते. आम्ही त्या मुलांशी वाद घातला नाही, त्यांना फक्त दोन तोंडांचा पक्षी दाखवला. त्यांनी फोटो काढले, आणि मग त्यातल्या एकाने आम्हालाच आणखी एक सिंह दाखवला जो आमच्या नजरेतून सुटला होता.

खरे दुःख वेगळे आहे. दरवाजांच्या कमानीत, मशिदीच्या भिंतींवर, जाळीजवळच्या गिलाव्यावर नावे खरडली आहेत. बाण मारलेले बदाम, तारखा, गावांची नावे. खिळ्याने, किल्लीने, कोळशाने. नावे सगळ्या धर्मांची आहेत, यात तरी आपण एक आहोत. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस हा गुन्हा आहे आणि कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण एवढ्या पसरलेल्या गडावर प्रत्येक भिंतीशी पहारेकरी कुठून उभा राहणार? पाचशे वर्षे पाऊस झेललेले अक्षर एका किल्लीच्या टोकाने पाच मिनिटांत जाते, आणि ते पुन्हा लिहिणारा हात आता नाही. आम्ही मुलांना एवढेच सांगितले की दगडाला हात लावायचा नाही, लेखावर कागद ठेवून पेन्सिलही घासायची नाही, फोटो हवे तेवढे काढा. तिरप्या उन्हातला स्वच्छ फोटो हे पुढच्या वाचणाऱ्यासाठी फार मोठे काम आहे.

सूर्य कलायच्या आत गडाबाहेर यावे. हा भाग मेळघाटच्या जंगलाचा आहे, मेळघाट १९७४पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि अस्वल, बिबट्या यांना गडाच्या भिंती अडवत नाहीत. आत जाताना चौकीवर नोंद करावी, मुलांना पुढे पळू देऊ नये. आणखी एक घरगुती सूचना: शरदात कुसळी गवत पिकलेले असते. तिची काटेरी टोके सलवारीच्या पायात, बुरख्याच्या घेरात, मोज्यांत अशी घुसतात की रात्री दोन तास वेचत बसावे लागते. बायकांनी जाड, गुळगुळीत कापड वापरावे आणि पायांत बंद बूट घालावेत. पाणी भरपूर न्यावे, वर काही मिळत नाही.

गावात परतल्यावर हात-पाय हलवायची ताकद उरली असेल तर शक्कर तलावावर होडीची सोय असते, मुलांचा हट्ट तिथे पुरवता येतो. आम्हाला त्यापेक्षा दरीच्या कडेला उभे राहून पाणी कुठे जाते हे मुलांना दाखवणे आवडले. या डोंगररांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपना, गडगा यांच्यातून तापीला मिळतो. दक्षिणेला पडलेला सापन, चंद्रभागा, शहानूर यांच्यातून पूर्णेला. एकाच ढगातले दोन थेंब कड्याच्या दोन बाजूंना पडले की शेकडो किलोमीटर वेगळे चालतात. आणि मग जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीत मिसळते, तेव्हा पुन्हा भेटतात. धाकटीला हे इतके पटले की तिने बाटलीतले पाणी दोन बाजूंना थोडे थोडे ओतले.

उतरताना मोथ्याला थांबून खवा घ्यावा. गवळ्यांच्या म्हशींचा, लाकडावर आटवलेला, किंचित धुराचा वास असलेला. आणि हातात अजून तासभर असेल तर परतवाड्याहून घरी वळण्याआधी अचलपूरला हौज कटोरा पाहावा. गोल हौदाच्या मधोमध अष्टकोनी, मजल्यावर मजला चढवलेली कमानींची इमारत. पाऊस चांगला झालेल्या वर्षी हौदात पाणी असते आणि वऱ्हाडच्या कोरड्या उकाड्यावर त्या काळच्या लोकांनी काढलेला तोडगा कळतो: वारा पाण्यावरून येऊ द्यायचा आणि आपण मधोमध बसायचे. गडावर ज्यांनी तलावाकाठी मशीद बांधली, त्यांच्याच मुलखातल्या कारागिरांचा हा खालचा हात.

अम्मींनी घरी आल्यावर पेटीतून नानांची फारसीची जुनी वही काढली. पाने पिवळी आहेत, शाई बरी आहे. मोहल्ल्यातले एक निवृत्त उर्दू शिक्षक थोडी फारसी जाणतात. त्यांनी दर इतवारी असरनंतर मुलांना तासभर शिकवायचे कबूल केले आहे. पहिल्या धड्याला पाच मुले आली, त्यातली दोन मराठी शाळेतली, एक शेजारच्या घरचा मुलगा, ज्याला फक्त गंडभेरुंड कुठे आहे हे कळले होते आणि लेखही वाचायचा होता. नोव्हेंबर संपायच्या आत, कुसळी झडण्यापूर्वीच, सगळ्यांना घेऊन पुन्हा वर जायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. फोटो मोठे करून पहिल्या ओळीपासून लावायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत चार शब्द लागले.